देणे असेल त्याने आधी बोलावे
सहलीचा सामाईक खर्च आणि बंद्यांचे हक्क



पावसाळा सुरू झाला की तळेगाव दाभाड्यातील घराघरांत सहलीचे बेत ठरू लागतात. कोणी लोकलने वडगाव, कान्हे, कामशेत ओलांडून मळवलीला उतरतो आणि तेथून पायी भाजे व लोहगडाची वाट धरतो. कोणी गाडी ठरवून पवना धरणाच्या जलाशयाकडे किंवा लोणावळा-खंडाळ्याकडे निघतो. शेजारी, मेहुणे-साडू, कारखान्यातील सहकारी, मशिदीच्या सफेत खांद्याला खांदा लावून उभे राहणारे मित्र, अशी दहा-पंधरा माणसे एकत्र जातात. अल्लाहने निर्माण केलेली सृष्टी डोळे भरून पाहावी, नाती दृढ व्हावीत, मुलाबाळांना मोकळी हवा मिळावी, हे सारे हेतू स्तुत्य आहेत.

परंतु परतल्यानंतर काय घडते, याचाही विचार करू या. गाडीचे पैसे ज्याने स्वतःच्या खिशातून दिले, तो आठ दिवस वाट पाहतो. मागावे तर कंजूष ठरण्याची भीती; न मागावे तर महिनाअखेरीस घरखर्चाची ओढाताण. ज्यांच्याकडून येणे आहे ते मात्र ‘आपल्या माणसांत कसला हिशेब?’ असे म्हणून निर्धास्त असतात. पुढच्या वर्षी तो मित्र काहीतरी निमित्त सांगून सहलीला येण्याचे टाळतो. भांडण झालेले नसते, आवाज चढलेला नसतो. तरीही दोन मुस्लिम बांधवांच्या मनांत अंतर पडलेले असते, आणि एकाचा हक्क दुसऱ्याच्या मानेवर तसाच राहिलेला असतो.

इस्लामने या लहानशा वाटणाऱ्या बाबीकडे दुर्लक्ष केलेले नाही. या लेखात आपण पाहणार आहोत की एकत्र खर्च करण्याविषयी आपल्या धर्माची शिकवण काय आहे, हिशेबाची सुरुवात कोणी करावी आणि माफी देण्याचा अधिकार कोणाचा आहे.

एकत्र शिदोरीची परंपरा

प्रवासात सर्वांनी मिळून वर्गणी काढावी आणि एकत्र जेवावे, ही पद्धत अरबांमध्ये जुनी आहे. तिला ‘नहद’ असे म्हणत. इमाम बुखारी (रह.) यांनी आपल्या हदीससंग्रहात भागीदारीचा जो अध्याय लिहिला आहे, त्याचा आरंभच खाद्यपदार्थ व नहद यांतील भागीदारीने केला आहे. व्यापारी भागीदारीच्या आधी त्यांनी शिदोरीची भागीदारी घेतली, हे लक्षात घेण्यासारखे आहे. तेथे ते नमूद करतात की अशा शिदोरीत एकाने थोडे अधिक आणि दुसऱ्याने थोडे कमी खाल्ले, तरी मुस्लिमांनी त्यात दोष मानला नाही.

त्याच ठिकाणी हजरत जाबिर (र.) यांचे कथन आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी हजरत अबू उबैदा (र.) यांच्या नेतृत्वाखाली तीनशे जणांची एक तुकडी समुद्रकिनाऱ्याकडे पाठवली होती. वाटेत शिधा संपत आला, तेव्हा हजरत अबू उबैदा (र.) यांनी प्रत्येकाजवळ उरलेला शिधा एकत्र करविला. ते सारे खजूर केवळ दोन पिशव्या भरतील इतके होते. त्यातून ते रोज थोडे थोडे वाटत राहिले. शेवटी प्रत्येकाच्या वाट्याला दिवसाकाठी एकच खजूर येऊ लागला. अश्अरी टोळीच्या लोकांविषयी प्रेषितांनी (स.) प्रशंसेने सांगितले की शिधा कमी पडला म्हणजे ते सर्वांजवळचे अन्न एका कापडात एकत्र करतात आणि एकाच मापाने आपसांत समान वाटून घेतात. अशा लोकांना प्रेषितांनी (स.) आपले म्हटले आणि स्वतःला त्यांचे म्हटले. याहून मोठा सन्मान कोणता?

कुरआनातही याचा आधार आहे. सूरह कहफमधील गुहावासी तरुण जागे झाले, तेव्हा त्यांनी आपल्यापैकी एकाला चांदीचे नाणे देऊन शहरात धाडले, आणि उत्तम, शुद्ध अन्न आणण्यास व सावधपणे वागण्यास सांगितले (१८:१९). हिजरी ३७० मध्ये निवर्तलेले हनफी विद्वान अबू बक्र अल्‌-जस्सास (रह.) यांनी या आयतीवरून असा निष्कर्ष काढला की अनेकांचे पैसे एकत्र करून अन्न खरेदी करणे आणि मिळून खाणे वैध आहे, मग कोणी कमी खावो वा अधिक. सूरह नूरमध्येही (२४:६१) एकत्र जेवण्यात किंवा वेगवेगळे जेवण्यात कोणताही दोष नसल्याचे सांगितले आहे.

म्हणून कोणी तीन पोळ्या खाल्ल्या आणि कोणी पाच, याचा हिशेब ठेवणे धर्माला अपेक्षित नाही. ताटातील घास मोजू नयेत. मात्र ताटातील उदारता आणि पैशांतील गाफीलपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

दोन खजुरांचा धडा

ताटातील उदारतेलाही मर्यादा आहे. मदीनेत दुष्काळाचे दिवस होते. हजरत इब्ने जुबैर (र.) लोकांना खजूर खाऊ घालत. हजरत अब्दुल्लाह इब्ने उमर (र.) तेथून जाताना खाणाऱ्यांना बजावीत की दोन-दोन खजूर एकदम उचलू नका, सोबत्याची परवानगी घेतल्याखेरीज तसे करण्यास प्रेषितांनी (स.) मनाई केली आहे.

विचार करा, एका खजुराची किंमत ती काय! परंतु समोर ठेवलेले अन्न सर्वांचे आहे, आणि त्यातून आपल्या वाट्यापेक्षा अधिक घेण्यासाठी सोबत्याची संमती लागते, हे येथे शिकवले आहे. सूरह निसामध्ये (४:२९) ईमानधारकांना एकमेकांची संपत्ती अन्यायाने खाण्यास मनाई केली आहे आणि परस्परांच्या राजीखुशीची अट घातली आहे. राजीखुशी आणि भिडेपोटी गप्प बसणे यांत मोठे अंतर आहे. जो संकोचाने बोलत नाही, त्याच्या मौनाला संमती समजणे ही स्वतःची फसवणूक होय.

सर्वांत दीर्घ आयत काय शिकवते?

कुरआनातील सर्वांत दीर्घ आयत कोणत्या विषयावर आहे? ती देण्या-घेण्याच्या नोंदीवर आहे. सूरह बकराच्या या आयतीत (२:२८२) ठरावीक मुदतीच्या कर्जाचा व्यवहार लिहून ठेवण्याचा आदेश आहे. रक्कम लहान असो वा मोठी, लिहिण्याचा कंटाळा करू नये, असे स्पष्टपणे सांगितले आहे. त्याचे कारणही दिले आहे : असे करणे अल्लाहपाशी अधिक न्याय्य, साक्षीसाठी अधिक भक्कम आणि तुमच्या मनात शंका उत्पन्न होऊ नये यासाठी अधिक उपयुक्त आहे. हातोहात होणाऱ्या रोखीच्या व्यवहाराला मात्र सवलत आहे. तेव्हा टपरीवर जागच्या जागी चुकता केलेला चहा लिहिला नाही तरी चालेल. परंतु जे पैसे नंतर द्यायचे ठरले, ते लिहावे. बहुसंख्य फिकहतज्ज्ञांनी हे लिहिणे अनिवार्य न मानता अत्यंत श्रेयस्कर मानले आहे. ज्याची शिफारस खुद्द अल्लाह करतो, त्याला आपण ‘परकेपणा’ कसे म्हणावे? नोंद ठेवणे हा अविश्वास नव्हे. शंकेला शिरकाव मिळू नये म्हणून घातलेले ते कुंपण आहे.

या आयतीतील एक शब्द आपल्या विषयाचा गाभा आहे. मजकूर कोणी सांगावा? ज्याचे येणे आहे त्याने नव्हे, तर ज्याच्यावर देणे आहे त्याने तो लिहवून द्यावा, आपल्या पालनकर्त्याचे भय बाळगावे आणि त्यात काहीही कमी करू नये. म्हणजे बोलण्याची जबाबदारी अल्लाहने देणेकऱ्यावर टाकली आहे. आपल्याकडे नेमके उलटे घडते. देणारा गप्प बसतो आणि ज्याने खर्च केला त्याला आपल्याच पैशांसाठी तोंड उघडावे लागते. कुरआनची रीत पाळली, तर कोणालाही मागण्याची लाज वाटण्याचा प्रसंगच येणार नाही.

लगेच पुढच्या आयतीत (२:२८३) प्रवासाचा उल्लेख आहे. प्रवासात लिहिणारा मिळाला नाही, तर वस्तू ताब्यात देऊन तारण ठेवावे. आणि एकमेकांवर विश्वास असेल, तर ज्याच्यावर विश्वास ठेवला त्याने ती अमानत परत करावी. त्या काळी वाटेत लेखनिक सापडणे कठीण होते. आज आपल्या प्रत्येकाच्या खिशातील मोबाइल लेखनिकाचे काम करतो. लोहगडाच्या पायऱ्या चढताना आपण चाळीस छायाचित्रे काढतो. मग चार ओळींची नोंद करण्यास वेळ नाही, असे कसे म्हणता येईल?

एक उदाहरण

समजा, तळेगावातील चार कुटुंबे एक मिनीबस ठरवून पवना जलाशयाच्या काठी एक दिवसाच्या सहलीस गेली. पहिल्या कुटुंबात दोन प्रौढ व दोन मुले, दुसऱ्यात तीन प्रौढ व दोन मुले, तिसऱ्यात दोन प्रौढ व दोन मुले, आणि चौथ्यात एक विधवा भगिनी व तिची दोन मुले. अशी एकूण १६ माणसे झाली.

त्यांनी निघण्यापूर्वी दोन नियम ठरवले. गाडीत मुलालाही पूर्ण जागा लागते, म्हणून गाडीचा खर्च माणशी समान. जेवणात मूल कमी खाते, म्हणून मुलाचा अर्धा वाटा. गाडी, डिझेल, टोल, पार्किंग आणि चालकाचा भत्ता मिळून ६,४०० रुपये झाले. १६ जणांत माणशी ४०० रुपये. मटण, तांदूळ, भाजी, नाश्ता व चहा यांना ४,८०० रुपये लागले. आठ प्रौढांचे आठ आणि आठ मुलांचे चार असे १२ वाटे झाले. प्रत्येक वाटा ४०० रुपयांचा.

आता पहिल्या कुटुंबाचा हिस्सा १,६०० अधिक १,२००, म्हणजे २,८०० रुपये. दुसऱ्याचा २,००० अधिक १,६००, म्हणजे ३,६०० रुपये. तिसऱ्याचा पहिल्याइतकाच, २,८०० रुपये. चौथ्याचा १,२०० अधिक ८००, म्हणजे २,००० रुपये. एकूण बेरीज ११,२०० रुपये.

प्रत्यक्षात गाडीचे सर्व ६,४०० रुपये पहिल्या कुटुंबाने दिले होते. किराणा व मटणाचे ३,९०० रुपये दुसऱ्याने आणि नाश्ता-चहाचे ९०० रुपये तिसऱ्याने दिले होते. चौथ्या कुटुंबाने वाटेत काही खर्च केला नव्हता. त्यामुळे पहिल्याला ३,६०० आणि दुसऱ्याला ३०० रुपये येणे. तिसऱ्याकडून १,९०० आणि चौथ्याकडून २,००० रुपये देणे. चौथ्याने पहिल्यास २,०००, तिसऱ्याने पहिल्यास १,६०० व दुसऱ्यास ३०० रुपये दिले की केवळ तीन व्यवहारांत सर्व हिशेब चुकता होतो. परतीच्या वाटेवर गाडीतच दहा मिनिटांत हे होऊ शकते.

येथे एक सूक्ष्म आजार ओळखून घ्यावा. आपण जे दिले ते प्रत्येकाला तंतोतंत आठवते आणि दुसऱ्याने दिलेले विसरले जाते. सूरह मुतफ्फिफीनच्या आरंभी घेताना पुरेपूर माप घेणाऱ्या आणि देताना कमी देणाऱ्यांचा विनाश वर्णिला आहे. आठवणीचेही माप असते. म्हणून स्मरणावर न विसंबता नोंद ठेवावी.

माफी कोणाची?

आता त्या विधवा भगिनीचा विचार करू या. तिच्यासाठी २,००० रुपये ही लहान रक्कम नाही. सोबतची कुटुंबे तिला सवलत देऊ इच्छितात. कशी द्यावी?

पहिली गोष्ट, माफी ज्याचे येणे आहे त्याने द्यावयाची असते. पहिल्या कुटुंबाने आपले २,००० रुपये सोडून दिले, तर तो त्याचा अधिकार आहे आणि त्याचे पुण्य त्यालाच मिळेल. परंतु कोणालाही न विचारता तिचा वाटा इतरांच्या हिश्श्यात मिसळून टाकणे योग्य नाही. दुसऱ्याच्या पैशातून केलेला दानधर्म आपला होत नाही. दुसरी गोष्ट, हे शक्यतो निघण्यापूर्वी, एकांतात आणि सन्मानाने सांगावे. तिला संपूर्ण सहलभर २,००० रुपयांची काळजी वाहू देऊन शेवटी सर्वांसमोर माफी जाहीर करणे हे उपकाराचे रूप नव्हे. उपकार बोलून दाखवून आणि मन दुखावून आपले दान वाया घालवू नका, अशी ताकीद सूरह बकरात (२:२६४) आहे. तिसरी गोष्ट, तिला आपला वाटा देण्याची इच्छा असेल, तर तिचा स्वाभिमान मोडू नये. तिला मुदत द्यावी. अडचणीत असलेल्या देणेकऱ्यास सवड देण्याचा आदेश (२:२८०) आणि माफ करणे अधिक चांगले असल्याची शिकवण एकाच आयतीत आहे.

तिच्या मुलांचे वडील हयात नाहीत, हेही विसरता कामा नये. अनाथांची संपत्ती अन्यायाने खाणाऱ्यांना आगीचा इशारा देणारी आयत (४:१०) अवतरल्यावर सहाबांनी (र.) भयाने अनाथांचे अन्नपाणी वेगळे केले. तेव्हा त्यांचे व्यवहार आपल्यात मिसळून घेण्याची परवानगी देण्यात आली, कारण ते तुमचे बंधूच आहेत. आणि बिघाड करणारा कोण व सुधारणा करणारा कोण, हे अल्लाह जाणतो (२:२२०). एकत्र राहावे, परंतु त्या मुलांचा पैसा इतरांच्या सोयीसाठी खर्ची पडू नये.

यावरून एक साधे सूत्र हाती येते. ‘आपल्यात कसला हिशेब?’ हे वाक्य ज्याचे येणे आहे त्याच्या तोंडी शोभते. ज्याच्यावर देणे आहे, त्याने ते उच्चारू नये. त्याने ‘माझ्याकडे किती निघतात?’ असे विचारावे. आणि माफी देण्यासाठीही रक्कम ठाऊक असावी लागते; जी रक्कम मोजलीच नाही, ती मन मोठे करून सोडली असे कसे म्हणावे?

वर्गणीची अमानत

काही मंडळी आधीच सर्वांकडून रक्कम गोळा करतात. ही रीत चांगली आहे, परंतु ज्याच्या हाती ती येते तो अमानतदार ठरतो. त्याने ती स्वतःच्या पैशांत मिसळू नये आणि खासगी खर्चासाठी, परत भरण्याच्या हेतूनेही, वापरू नये. उरलेली रक्कम ज्याची त्याला परत करावी. ‘दोनशे रुपये उरले, मशिदीच्या पेटीत टाकू’ असे परस्पर ठरवण्याचाही अधिकार त्याला नाही. सर्वांची संमती घ्यावी.

लोकांच्या लहानशा वर्गणीचे मोल तळेगावकरांना वेगळे सांगण्याची गरज नसावी. अंताजी दामोदर काळे यांच्या कल्पनेतून उभा राहिलेला पैसा फंड माणशी एकेका पैशाच्या वर्गणीवर चालला. त्याला लोकमान्य टिळकांचा पाठिंबा लाभला, आणि १९०८ मध्ये त्याच फंडातून तळेगावात काच कारखाना सुरू झाला. एक पैसा देणाऱ्याचाही त्या कारखान्यात वाटा होता. रक्कम लहान असली म्हणून अमानत लहान होत नाही.

सहलीत बिगरमुस्लिम सहकारी असतील, तर त्यांचा हक्क तितकाच पवित्र आहे. प्रेषितांनी (स.) मक्केतून हिजरत केली, तेव्हा जीवावर उठलेल्या लोकांच्याही ठेवी परत करण्यासाठी त्यांनी हजरत अली (र.) यांना मागे ठेवले होते. म्हणून जो सहकारी शाकाहारी आहे, त्याच्याकडून मटणाचे पैसे घेऊ नयेत. कोणी लोणावळ्याची चिक्की घरी नेण्यासाठी घेतली, तर ती त्याची खासगी खरेदी. ती सामाईक खर्चात धरू नये. चालकाचे जेवण मात्र सामाईक खर्चात आधीच धरावे आणि त्याची ठरलेली रक्कम तेथल्या तेथे द्यावी. मजुराचा घाम सुकण्यापूर्वी त्याची मजुरी देण्याची शिकवण आपल्याला मिळाली आहे. ऐपत असूनही देणे लांबवणे हा हदीसनुसार जुलूम आहे. परंतु उशीर झाला म्हणून कोणी वरचे पन्नास रुपये लावू लागला, तर तेही चूक. ती वाढ व्याजाच्या दारात नेते.

हिशेब येथेच पुरा व्हावा

एकदा प्रेषितांसमोर (स.) एक जनाजा आणण्यात आला. मृतावर तीन दीनारांचे कर्ज असून ते फेडण्याजोगे त्याने काही मागे ठेवले नसल्याचे कळताच त्यांनी लोकांना नमाज पढण्यास सांगितले, पण स्वतः पुढे झाले नाहीत. हजरत अबू कतादा (र.) यांनी ते कर्ज आपल्या शिरावर घेतले, तेव्हाच प्रेषितांनी (स.) त्याच्या जनाज्याची नमाज पढविली. केवळ तीन दीनार! शहीदाचेही कर्जाखेरीज सर्व गुन्हे माफ होतात, असे हदीसमध्ये आहे. ज्याने आपल्या बांधवाचा हक्क मारला असेल, त्याने तो आजच सोडवून घ्यावा, कारण पुढे असा दिवस येणार आहे की तेथे दीनार-दिरहम चालणार नाहीत. तेथे पुण्यकर्मे द्यावी लागतील. पवनेच्या काठी खाल्लेल्या जेवणाचे राहिलेले ४०० रुपये आपल्या नमाज-रोजांतून फेडावे लागले, तर तो सौदा किती महाग!

आणि उदारतेचा आदर्श पाहायचा असेल, तर हजरत अब्दुल्लाह इब्ने मुबारक (रह.) यांच्याकडे पाहावे. हिजरी १८१ मध्ये निवर्तलेले हे थोर हदीसवेत्ते मर्वहून हजला निघत, तेव्हा सोबती आपापले खर्चाचे पैसे त्यांच्या स्वाधीन करीत. ते प्रत्येकाची थैली नाव लिहून पेटीत बंद करीत. मग वाटभर सर्वांना उत्तम खाऊ घालत, घरच्यांसाठी भेटवस्तू घेऊन देत, आणि परतल्यावर पेटी उघडून ज्याची त्याला थैली परत करीत. सारा खर्च त्यांनी स्वतः केलेला असे. लक्षात घ्या, एवढ्या दानशूर माणसानेही थैलीवर नाव लिहिणे सोडले नाही. हिशेब चोख होता, म्हणूनच औदार्य निखळ होते.

घरात एकत्र बसून बोला

पुढच्या सहलीपूर्वी कुटुंबात या गोष्टी ठरवा. तिघे जण प्रवासास निघाले तरी एकाला अमीर नेमण्याची शिकवण आहे. अमीर नेमा आणि नोंद ठेवणारा एक जण निवडा. वाटणीचा नियम निघण्यापूर्वी, सर्वात कमी मिळकत असलेल्या सोबत्याला परवडेल असा ठरवा. प्रत्येक सामाईक खर्च त्याच वेळी लिहा. घर गाठण्यापूर्वी हिशेब वाचून दाखवा, आणि ज्याच्यावर देणे निघते त्याने स्वतःहून सांगावे. मुलांना ही नोंद ठेवू द्या. अमानतीचा धडा त्यांना पुस्तकाबाहेरही मिळेल.

शेवटी, हा लेख खाली ठेवण्यापूर्वी एक प्रश्न स्वतःला विचारा : मागील एखाद्या सहलीचे, लग्नाच्या प्रवासाचे किंवा सामाईक जेवणाचे कोणाचे पैसे माझ्याकडे राहिले आहेत काय? आठवत असतील तर आजच फोन करा. रक्कम नक्की आठवत नसेल, तर त्यालाच विचारा आणि त्याची मनापासून माफी मागा. त्याने घेतले तर तुमची सुटका झाली. त्याने सोडून दिले तर त्याचे पुण्य वाढले.

अल्लाह आपल्या सर्वांना बंद्यांचे हक्क वेळेवर अदा करण्याची सद्बुद्धी देवो आणि आपले प्रवास प्रेमाची व बरकतीची साधने बनवो. आमीन.